जतन झाले

सोमवार, ४

आज ऑफिसात नवा माणूस रुजू झाला आणि अकरा वाजायच्या आत त्याने माझ्या पट्टीवर बोट ठेवले. अक्षरशः ठेवले. पडद्यावर ठसा उमटला, तो मी रुमालाने पुसला.

वही नवी आहे, तेव्हा पट्टीची ओळख करून देणे भाग आहे. आमच्या प्रोग्रामच्या खिडकीच्या तळाशी बोटभर उंचीची एक राखाडी जागा आहे. आत काय चालले आहे ते बाहेरच्या माणसाला तिथे वाचायला मिळते. प्रोग्राम संग्रहालयांसाठी आहे. नाणी, दगड, वाळलेली रोपे, पेंढा भरलेले पक्षी, माणसे जे जे कपाटात जपून ठेवतात त्याच्या नोंदी त्यात होतात. त्या पट्टीवरचे प्रत्येक अक्षर माझे. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला सॉफ्टवेअर कंपनी दुसरे काय काम देणार? ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची आणि पडद्यावरची वाक्ये लिहायची. पंधरा वर्षे तेच करतो आहे. 'कार्य प्रगतिपथावर आहे. कृपया धीर धरावा.' हे माझे वाक्य रोज शेकडो पडद्यांवर उमटते. एवढे वाचक भल्याभल्या लेखकांना मिळत नाहीत.

नव्या माणसाने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "वाक्य सुरेख आहे. पण किती धीर?"

मॅडम हसल्या. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीण. पंधरा वर्षांत माझ्या विनोदावर त्या दोनदा हसल्या आहेत, आणि त्यातला एक विनोद नव्हता.

त्याच्या काखेत एक जाडजूड छापील बाड असते. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामने माणसाशी कसे वागावे याची मार्गदर्शिका. क्षणात संपणाऱ्या कामाचा गाजावाजा करू नये. किती काम उरले हे माहीत असेल तर दाखवावे, नसेल तर माहीत असल्याचे सोंग आणू नये. सगळे सुरळीत असताना माणसाच्या तोंडापुढे खिडकी उघडून 'सुरळीत आहे' असे सांगू नये. सगळे छोट्या छोट्या वाक्यांत, क्रमांक घालून. मी त्याचे नाव 'सूत्रकार' ठेवले. दुपारी जेवणापर्यंत सगळे ऑफिस त्याला तेच म्हणू लागले, आणि त्याला ते फार आवडले. धड टोमणाही मारता येऊ नये मला!

गुरुवार, ७

महिनाअखेर प्रोग्रामची नवी आवृत्ती निघायची आहे. तळाशी कोणाची पट्टी राहणार, माझी की त्याची? मॅडम म्हणाल्या, "दोघेही तयारी करा. अठ्ठावीस तारखेला ठरवू." हे त्यांनी असे सांगितले, जणू पडद्याचा रंग ठरवायचा आहे.

सूत्रकाराने माझे एकच वाक्य बरे म्हटले. 'जतन झाले.' "आटोपशीर आहे," म्हणाला. म्हणजे माणसाला नजर आहे, हे कबूल केले पाहिजे. ते दोन शब्द म्हणजे माझ्या नोकरीतला मानाचा तुरा. अकरा वर्षांपूर्वी एक नोंद जतन व्हायला नऊ-दहा सेकंद लागत आणि वैतागलेल्या पत्रांनी माझे टेबल भरून जाई. तेव्हा मीच कोडग्याला तोडगा सुचवला. (कोडगा म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रामर. कोड लिहितो आणि कोणाच्या बापाचे ऐकत नाही.) बटण दाबताक्षणी 'जतन झाले' असे दाखवून टाकू, खरे जतन मागाहून सावकाश होऊ दे. त्याने नोंदी वीस-वीसच्या गठ्ठ्याने सर्व्हरकडे रवाना करायची व्यवस्था केली. आठवड्यात पत्रे बंद. मॅडम हसल्या त्या दोनांतली एक वेळ ती.

मधूनच वीज गेली किंवा यंत्र अडकले तर हातातला अर्धा गठ्ठा इकडेतिकडे होतो म्हणे. 'नोंद केली होती, सापडत नाही' अशी पत्रे अधूनमधून येतात. त्यांना माझे एक ठरलेले, सौम्य उत्तर आहे. पाठवणाऱ्याचे नावही पाहावे लागत नाही.

संध्याकाळी हिने चहा ओतताना विचारले, "अहो, 'जतन झाले' असं आलं, म्हणजे ते नक्की झालेलं असतं ना?" ही वनस्पतींच्या संग्रहात काम करते. तिथेही आमचाच प्रोग्राम आहे.

मी म्हणालो, "माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही?"

"आहे. तेच तर," ही म्हणाली, आणि किल्ल्या शोधू लागली. किल्ल्या तिच्या डाव्या हातात होत्या.

सोमवार, ११

"आज तुमच्या ऑफिसातले ते आले होते."

"ते म्हणजे?"

"चष्म्याला दोरी लावणारे. माझ्या पाठीमागे स्टूल टाकून चार तास बसले. एक अक्षर बोलले नाहीत."

"गुणी आहे."

"नुसते बघत होते. मी कुठे अडते, कुठे थांबते. निघताना म्हणाले, 'बाई, प्रत्येक नोंदीनंतर तुम्ही थांबून वहीत काहीतरी लिहिता. काय लिहिता?' कुणाच्या लक्षात आलं नव्हतं हो इतक्या दिवसांत."

"काय लिहितेस?"

"काही नाही," ही म्हणाली.

वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचे, ही म्हणे सूत्रकाराची काम करायची रीत. चार तास! माझ्या बायकोच्या मागे! मी स्वतः सलग चार तास तिच्याकडे पाहिल्याला किती वर्षे झाली याचा हिशेब करू लागलो आणि सोडून दिला. तिच्या त्या खोलीत मी कधी गेलेलो नाही. तिने बोलावले होते. दोनदा की तीनदा.

शुक्रवार, १५

सूत्रकार विधुर आहे. कोडग्याने आपण होऊन सांगितले. म्हणजे, मी दोनदा आडून विचारल्यावर आपण होऊन सांगितले.

सकाळी हिचा फोन वाजला. ही तो घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतले. माझे लक्ष वर्तमानपत्रात होते, त्यामुळे दोनच वाक्ये ऐकू आली. "हो, मी वही घेऊन येते." आणि "नको, घरी कळायला नको."

वर्तमानपत्र मी उलटे धरले नव्हते. तेवढे भान होते.

ऑफिसात पोचलो तर सूत्रकार माझ्या आधीच हजर, आणि मला म्हणतो कसा, "तुमच्या घरच्यांची निरीक्षणशक्ती जबरदस्त आहे." मी म्हणालो, "असणारच. मला निवडलं त्यांनी." तो हसला. प्रामाणिक हसला, याचाच राग आला.

शनिवार, १६

सुट्टी. दाढी केली, नवा निळा शर्ट घातला. हिने पाहिले नाही. ही स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मीठ. साखर. चहा. खणांवरही. चमचे. औषधे. काडेपेटी.

"हे काय?"

"असू द्या. सोयीचं पडतं."

म्हणजे मार्गदर्शिका माझ्या घरात शिरली! प्रत्येक गोष्टीवर तिचे नाव ठळक दिसावे, हे त्या बाडातले सूत्र आहे. मला पाठ झाले आहे. बावीस वर्षे हिने मीठ न पाहता घेतले. आता त्याने सांगितले म्हणून मिठावर 'मीठ'! मी म्हणालो, "माझ्या कपाळावर पण एक लाव. 'नवरा.' नाहीतर उद्या विसरशील."

विनोद बरा होता. पण हिच्या हातातली डिंकाची बाटली खाली पडली आणि ही फरशी पुसत बसली. सासूबाई शेवटच्या दोन वर्षांत मला दर वेळी विचारायच्या, "आपण कोण?" तेव्हा ही असले विनोद ऐकून हसायची. आता हिला दुसऱ्याचे विनोद आवडत असावेत.

मंगळवार, १९

जे लिहायला नको ते लिहितो आहे. दुपारी एकला हिच्या कामावर फोन केला. 'अर्धा दिवस रजा घेऊन गेल्या.' सूत्रकाराची खुर्ची रिकामी. फळ्यावर त्याच्या सुबक अक्षरात, 'ग्राहकाकडे.' कोणत्या ग्राहकाकडे, किती वेळ, किती बाकी, काही नाही. आपली स्थिती दाखवायच्या वेळी सूत्रे कुठे गेली?

ही पाचला आली. चेहरा उतरलेला. "काम होतं," म्हणाली. मी विचारले नाही. विचारणे माझ्या स्वभावात नाही. मी फक्त कप जरा जोरात ठेवला.

मग ही एकदम म्हणाली, "शंभरातून सात वजा करा. पुन्हा सात. पुन्हा सात. करत जा बघू."

"कशाला?"

"करा तर."

मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत बहात्तरपर्यंत गेलो आणि पुढे चौसष्ट म्हणालो. ही न थांबता पार दोनपर्यंत गेली आणि हसली. डोळे ओले होते. "आलं बाई," म्हणाली स्वतःशीच. "इथे येतं. तिथे घाबरले."

कुठे तिथे? कोणाला घाबरली? आणि घाबरायचेच असेल तर असले खेळ खेळायला जावेच कशाला?

शुक्रवार, २२

काल लिहिता आले नाही.

काल दुपारी मी गेलो. हिच्या कामावर, बावीस वर्षांत प्रथमच. मनात एक वाक्य घोटून नेले होते, खोचक आणि कोणालाही न पेलणारे. आता त्यातला एकही शब्द आठवत नाही.

हिची खोली जिन्याखाली आहे. भिंतीला उंच कपाटे, कोपऱ्यात मोठा फ्रीजर. वाळवलेल्या रोपांत कीड राहू नये म्हणून ती आधी काही दिवस तिथे गोठवतात. टेबलावर जाड पांढऱ्या तावावर चिकटवलेली एक फांदी, बाजूला भिजवलेला डिंक, चिमटा. डांबरगोळ्यांचा वास. हा वास बावीस वर्षे हिच्या पदराला येतो आणि मी तो कपाटाचा समजत होतो.

दोघे एका वहीवर वाकलेले होते.

"चालू द्या," मी दारातून म्हणालो.

ही दचकून उठली. सूत्रकार मात्र म्हणाला, "बरं झालं आलात. मी केव्हाचा सांगतोय यांना, घरी बोला म्हणून."

"काय बोलायचं आहे घरी?"

मग त्याने हिच्याकडे पाहिले, हिने मान हलवली, आणि त्याने वही माझ्याकडे फिरवली. हिचे बारीक, सरळ अक्षर. तावाचा क्रमांक. वेळ. 'जतन झाले' दिसले, त्याची खूण. आणि शेवटच्या रकान्यात, दुसऱ्या दिवशी ती नोंद सापडली की नाही. तीन वर्षांची वही.

"यांना वाटतंय की या बटण दाबायला विसरतात," सूत्रकार म्हणाला. "डॉक्टरकडेही जाऊन आल्या मंगळवारी. मी तेव्हा मॅडमच्या दुसऱ्या ग्राहकाकडे होतो, नाहीतर सोबत गेलो असतो."

"डॉक्टर?"

"आईचं असंच सुरू झालं होतं," ही म्हणाली. "आधी कामातल्या बारीकसारीक गोष्टी. मग किल्ल्या. तुम्हाला कशाला सांगायचं, खात्री झाल्याशिवाय? सोमवारी दुसरी तपासणी आहे."

"पण मला हे पटत नाही," सूत्रकाराने वहीवर बोट फिरवले. "हे पाहा. हरवलेल्या नोंदी लागोपाठच्या. इथे सात. इथे अकरा. इथे अठरा. विसरणारा माणूस असा ओळीने विसरत नाही, एक इथली, एक तिथली विसरतो. आणि तीन वर्षांत एकदाही, एकदाही सलग वीस हरवलेल्या नाहीत. कमाल एकोणीस. का? कोडग्याला विचारलं तर म्हणतो, पत्रव्यवहाराला विचारा."

पत्रव्यवहार म्हणजे मी.

मला कळायला त्याचे वाक्य संपावे लागले नाही. विसावी नोंद आली की गठ्ठा रवाना होतो. त्याआधी यंत्र अडकले की जातात त्या एकोणीसपर्यंतच.

बोलायचे टाळायला मी वहीचे पहिले पान उलटले. तिथे एक छापील पत्र चिकटवलेले होते. 'आपल्या नोंदी जतन करण्याचे आपल्याकडून अनवधानाने राहून गेले असावे. प्रोग्राममध्ये दोष आढळत नाही. कळावे.' खाली सही नाही, फक्त विभागाचे नाव.

"आमच्या साहेबांनी कंपनीला विचारलं होतं, त्याचं उत्तर," ही म्हणाली. "त्यांनी ते माझ्याकडे दिलं. 'अनवधानाने' वाचलं आणि मला कळलं हे कोणी लिहिलंय. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर भांडले असते मी. तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मानलं."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पाहतो."

आणि निघून आलो. आज दिवसभर 'पाहत' होतो. कोडग्याला गुपचूप सांगून गठ्ठा बंद करता येईल. कोणाला कळणार नाही. डॉक्टर सोमवारी हिला ठणठणीत म्हणतील, आणि अठ्ठावीसला पट्टी माझी राहील. सांगितले तर ती त्याची. पट्टी, मॅडमचे हसू आणि हिने ज्याला वही दाखवली तो माणूस असण्याचा मान, सगळे एकाच माणसाकडे. हे मी लिहितो आहे आणि मला लाज वाटते आहे. पण असूया तरीही जागची हलत नाही.

शनिवार, २३

सकाळच्या चहाला सांगितले. गठ्ठा, वीस, अकरा वर्षे, सगळे. माझ्या वाक्यांना आज एकही विशेषण मिळाले नाही.

हिने कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बटण दाबलं होतं?"

"दर वेळी."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"गठ्ठ्याचं माहीत होतं. त्यात तू आहेस हे माहीत नव्हतं."

"मी नसते तर चाललं असतं?"

याला माझ्याकडे ठरलेले, सौम्य उत्तर नव्हते.

ही उठली आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून सोलू लागली. साखर. चहा. काडेपेटी. डिंक पक्का होता. नखांनी खरवडत होती. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही नको."

मंगळवार, २६

डॉक्टर म्हणाले, काही नाही. किल्ल्यांचे काय, म्हणून हिने विचारले. काळजीने माणूस किल्ल्या विसरतो, म्हणाले. हे मला हिने सांगितले नाही. सूत्रकाराने ऑफिसात सांगितले. त्याला हिने फोन केला होता.

हे योग्यच आहे. योग्य गोष्टी इतक्या टोचू नयेत.

गुरुवार, २८

बैठक. सूत्रकार तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो आणि माझ्या मानाच्या तुऱ्याची हकिगत मॅडमना सांगितली. कोणी हसले नाही. कोडगा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "दोघांनी केलं होतं." त्याचे नाव बदलायला हवे.

मॅडमनी मागच्या पत्रांची फाइल मागवली. 'अनवधानाने' एकशे सोळा वेळा निघाले. एकशे सोळा माणसे. त्यातली किती आपापल्या वह्या घेऊन डॉक्टरांकडे गेली असतील, कोणास ठाऊक.

पट्टी सूत्रकाराची. गठ्ठा आजपासून बंद. नोंद खरोखर सर्व्हरवर पोचेपर्यंत पट्टीवर 'जतन होत आहे' असेच राहील, आणि वेळ लागला तर लागेल. एकशे सोळा पत्रे मात्र मी लिहायची, प्रत्येक निराळे, नावानिशी.

बाहेर पडताना सूत्रकाराने मला थांबवले. "पट्टीतली वाक्यं तुम्हीच लिहा. मला नुसते नियम येतात." बाड उघडून त्याने एक ओळ दाखवली. चूक प्रोग्रामची असताना दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नये. ती ओळ त्याने माझ्यासाठी अधोरेखित केलेली नव्हती. बाड त्याचे होते, रेघ जुनी होती. कधीतरी स्वतःसाठीच मारलेली. मला त्या रेघेचाही हेवा वाटला.

शुक्रवार, २९

एकशे सोळांतले पहिले पत्र मी वनस्पतींच्या संग्रहाला लिहिले आणि टपालात न टाकता दुपारी स्वतः घेऊन गेलो. हिने ते उभ्याने वाचले, घडी घातली, वहीच्या पहिल्या पानावर जुन्या पत्राशेजारी ठेवले. चिकटवले नाही.

"बसू का?" मी विचारले.

"स्टूल तिथे आहे."

तेच स्टूल. माझ्या उंचीला अंमळ बुटके आहे. गुडघे हनुवटीपर्यंत येतात. दोन तास बसलो, एक अक्षर बोललो नाही. माझ्याकडून हे प्रथमच घडत असावे. ही तावावरची फांदी बघते, पानाची कड भिंगाखाली धरते, ओठ किंचित हलवत टंकते, बटण दाबते. मग तळाच्या पट्टीवर 'जतन होत आहे'. सात सेकंद. आठ. मला ते सेकंद असह्य झाले. हिला झाले नाहीत. नवव्याला 'जतन झाले'.

आणि हिने वही ओढून घेतली. क्रमांक, वेळ, खूण.

"आता कशाला?" माझ्या तोंडून निघून गेले. "आता ते खरं आहे."

"'झाले' दिसलं," ही न वळता म्हणाली. "सोमवारी सापडतं का ते बघू."

शेवटचा रकाना तिने मोकळा ठेवला. मी विचारले, "सोमवारी किती वाजता येऊ?"